किल्ली रजिस्टर: तिसऱ्या वर्षाच्या प्रोजेक्ट लॅबच्या नोंदी

८ जुलै २०२४, सोमवार

तिसऱ्या वर्षाचे पाच गट, एकूण बावीस मुलं. 'फायनल', 'फायनल२', 'खरंच_फायनल' असल्या झिप फायली यंदा पेनड्राइव्हवरून घ्यायच्या नाहीत, सगळा कोड गिटहबवर (कोडचा इतिहास ठेवणाऱ्या 'गिट'साठीची वेबसाइट), हे जूनमध्येच जाहीर केलं होतं. आज पहिलं प्रॅक्टिकल, आणि पहिल्याच दिवशी भांडण.

लॅब २ मध्ये विंडोजच्या सगळ्या मशीनवर एकच लॉगिन आहे, 'स्टुडंट'. सकाळच्या बॅचमधल्या एकानं मशीन ९ वरून एचटीटीपीएसनं पुश केलं, म्हणजे कोड वर चढवला. ब्राउझर उघडला, त्यानं साइन इन केलं, काम झालं, पोरगा जेवायला गेला. विंडोजच्या क्रेडेन्शियल मॅनेजरनं त्याचं टोकन, म्हणजे पासवर्डऐवजी चालणारी खूण, इमानेइतबारे जपून ठेवलं. दुपारी त्याच खुर्चीत दुसऱ्या गटातली मुलगी बसली. तिनं स्वतःच्या रिपोमध्ये (प्रोजेक्टच्या कोडच्या जागेत) पुश केलं तर ४०३, परवानगी नाही, आणि परवानगी नाकारलेल्याचं नाव सकाळच्या पोराचं. तिला वाटलं यानं आपलं खातं हॅक केलं. त्याला वाटलं हिनं आपला पासवर्ड बघितला. दोघंही माझ्यासमोर तावातावानं उभी, आणि चूक दोघांचीही नाही.

दोघं एकाच गटात असती तर पुश गुपचूप त्याच्या नावावर गेलं असतं आणि कुणाला पत्ताही लागला नसता. ते जास्त वाईट.

१३ ऑगस्ट २०२१ पासून गिटहब गिटच्या कामासाठी खात्याचा पासवर्ड घेतच नाही. म्हणजे उरलं टोकन किंवा एसएसएच, म्हणजे किल्ल्यांच्या जोडीनं ओळख पटवायची: खासगी आपल्याकडं, पब्लिक गिटहबकडं. टोकन दिलं की मुलं ते डेस्कटॉपवर नोटपॅडमध्ये 'टोकन.टीएक्सटी' म्हणून ठेवणार, हे मी गेल्या वर्षी पाहिलंय. तेव्हा एसएसएच. दहा मिनिटांचं काम आहे, गुरुवारी उरकू, असं वर्गात सांगून आले.

९ जुलै, मंगळवार

आधी स्वतःच्या मशीनवर. माझी जुनी किल्ली आरएसए या जुन्या प्रकारची, २०१६ साली घरच्या लॅपटॉपवर केलेली, पासफ्रेज (किल्लीचा स्वतःचा पासवर्ड) नसलेली. मुलांना हे सांगणार नाही, इथं लिहून ठेवते.

नवी केली: किल्ली बनवणाऱ्या एसएसएच-कीजेनला प्रकार ईडी२५५१९, आणि '-ए १००', म्हणजे किल्लीची फाइल कुणाच्या हाती लागलीच तर पासफ्रेज अंदाजानं शोधणाऱ्याला प्रत्येक प्रयत्नाला जास्त वेळ लागावा. दोन फायली तयार झाल्या. एक खासगी, ती कुठंही जायची नाही. दुसरी 'डॉट पब', तिच्यात एकच ओळ: प्रकाराचं नाव, मग ६८ अक्षरांचा गिचमिडा, मग शेवटी आपण लिहू ती टीप. आरएसए ४०९६ असती तर हाच गिचमिडा सातशे अक्षरांच्या वर गेला असता. मुलं कॉपी करताना काय काय करतात ते माहीत असल्यामुळे ६८ वर मी खूश.

पब्लिक ओळ गिटहबच्या सेटिंगमध्ये चिकटवली, जोडणी तपासायला 'एसएसएच -टी' करून बघितलं. काहीच नाही. मिनिटभर नुसता कर्सर, मग 'कनेक्शन टाइम्ड आउट', पोर्ट २२, म्हणजे एसएसएचचं नेहमीचं दार.

फोनचा हॉटस्पॉट जोडला, लगेच चाललं. म्हणजे कॉलेजच्या फायरवॉलनं २२ बंद केलंय. नेटवर्क बघणाऱ्यांना फोन केला. उघडता येईल, पण अर्ज, मग समिती, मग बघू. त्यापेक्षा गिटहबचाच दुसरा दरवाजा आहे: 'एसएसएच.गिटहब.कॉम', पोर्ट ४४३. ते पोर्ट वेबसाइटसाठी उघडंच असतं. कॉन्फिगमध्ये चार ओळी घातल्या आणि उत्तर आलं, हाय अमुक, तुमची ओळख पटली, पण गिटहब शेल देत नाही. हे वाक्य एररसारखं दिसतं, आणि आज्ञेचा एक्झिट कोडही १ येतो. मुलं इथं हमखास अडकणार. फळ्यावर आधीच लिहायचं: हेच यश.

पहिल्या जोडणीला समोरच्या सर्व्हरचा ठसा (त्याच्या किल्लीची छोटी खूण) दाखवून 'ओळखता का?' असं विचारतात. आजवर मी डोळे झाकून 'यस' मारत आलेय, सगळेच मारतात. या वेळी गिटहबच्या मदत पानावरचा ठसा शेजारी उघडून ताडून पाहिला: अधिक चिन्ह, मोठा डी, लहान आय, मोठा वाय, ३ अशी सुरुवात. २४ मार्च २०२३ ला गिटहबला स्वतःची आरएसए होस्ट किल्ली बदलावी लागली होती, कारण तिचा खासगी भाग थोडा वेळ एका सार्वजनिक रिपोमध्ये उघडा पडला होता. त्या दिवशी जगभर लोकांच्या टर्मिनलवर 'सर्व्हरची ओळख बदलली आहे' असा मोठा इशारा उमटला. ठसा वाचायची सवय असलेल्यांनी तो ताडून पाहिला, बाकीच्यांनी गूगल करून एक ओळ पुसून टाकली. मी दुसऱ्यांत होते.

११ जुलै, गुरुवार

दहा मिनिटांचं काम. दोन तास संपले, बावीसपैकी नऊ जणांचं झालं.

सुरुवात भाषेपासून. 'की' म्हटलं की कोल्हापुरात भलताच घोळ. "मॅडम, की द्या की." "की केली की नाही?" "झाली की!" पंधरा मिनिटांनी मी हात टेकले आणि किल्ली म्हणायला लागले. तेवढ्यानं वर्ग सुधारला.

मग गोष्ट सांगितली. १९९५ साली हेलसिंकीच्या तंत्र विद्यापीठाच्या नेटवर्कवर कुणीतरी जाणारे-येणारे पासवर्ड टिपत बसलं होतं. तिथल्या तातू उलोनेन यांनी त्यावर उपाय म्हणून एसएसएच लिहिलं. त्याआधी टेलनेट, आरलॉगिन वगैरे पासवर्ड उघड्यावर पाठवायचे. मागच्या बाकावरून प्रश्न: "म्हणजे आपल्या लॅबसारखंच की." बरोबर.

पासफ्रेज टाकताना पडद्यावर काहीच उमटत नाही, ठिपकेही नाहीत. एकीनं हात वर केला, "मॅडम, कीबोर्ड मेलाय." तिच्या शेजारच्यानं कीबोर्ड उलटा करून झटकलाही. दुसऱ्यानं फोनच्या पिनसारखे चार आकडे टाकले, तर एसएसएच-कीजेननंच नाकारलं, किमान पाच अक्षरं हवीत. लगेच त्यानं पाचवा आकडा लावला. तो पाच आकडी पासफ्रेज सगळ्यांसमोर मोठ्यानं म्हणून दाखवला, म्हणून पुन्हा करायला लावला. चार असंबद्ध मराठी शब्द रोमन लिपीत, मध्ये मोकळी जागा, असा नियम दिला. काय निवडले ते विचारलं नाही, पण हसू कुठं कुठं फुटत होतं त्यावरून आचरटपणा भरपूर झालाय.

'डॉट पब'वर डबल-क्लिक केलं की विंडोजला ती पब्लिशरची फाइल वाटते, कारण त्याचंही शेपूट तेच. सहा मशीनवर पब्लिशर उघडलं, फाइल वाचता येत नाही म्हणाला, आणि सहा जणांनी किल्ली खराब झाली म्हणून ती पुसून नवी केली. त्यातल्या दोघांनी जुन्या किल्लीची ओळ आधीच गिटहबवर चढवली होती, म्हणून नवी चालेना. आता 'कॅट' या आज्ञेनं टर्मिनलवर दाखवूनच कॉपी करायची.

आणि शेवटी दोघी घाबऱ्याघुबऱ्या: "आमच्या दोघींची किल्ली सेमच आलीया!" शेजारी ठेवून बघितलं. खरंच, चार 'ए', मग सी३एन... वीसेक अक्षरं तंतोतंत एक. मला क्षणभर धडकीच भरली. मग लक्षात आलं, त्या सुरुवातीच्या भागात प्रकाराचं नाव आणि लांबीच असते, ती सगळ्या ईडी२५५१९ किल्ल्यांची सारखीच. फरक पुढं सुरू होतो. पोस्टाचा पिन कोड सारखा, घर वेगळं, असं सांगितलं.

१२ जुलै, शुक्रवार

सकाळी लॅब २ उघडली. नऊच्या नऊ किल्ल्या गायब.

विसरलेच होते. त्या मशीनची सी ड्राइव्ह गोठवलेली आहे. रीस्टार्ट केलं की कालचं सगळं पुसून मशीन जसंच्या तसं. व्हायरसच्या तापामुळं लॅब असिस्टंटनी ते सॉफ्टवेअर बसवलं, आणि त्यांचं बरोबरच आहे. मुलांनी मात्र माझ्याकडं असं बघितलं की मीच रात्री येऊन पुसल्यात.

घरी जाताना डोक्यात हेच. किल्ली मशीनवर ठेवली तर एक तर सकाळी पुसली जाते, आणि पुसली गेली नाही तर त्याच लॉगिनवर बसणाऱ्या पुढच्याच्या हातात पडते. डी ड्राइव्ह गोठलेली नाही, पण तीही सगळ्यांची. आमच्या लॅबमध्ये 'माझं' असं फोल्डरच नाही. एसएसएच मात्र एकच गोष्ट धरून चालतं: होम डिरेक्टरी एका माणसाची असते.

१५ जुलै, सोमवार

किल्ली पेनड्राइव्हवर. नाइलाजच आहे, कारण पेनड्राइव्ह हरवतात, पण पासफ्रेज आहे, आणि मुलांकडं खरोखर स्वतःची अशी तेवढी एकच जागा.

आज बॅच लॅब १ मध्ये होती, तिथं उबुंटू. पेनड्राइव्ह लावला, किल्लीची वाट दाखवली, आणि पडद्यावर '@' चिन्हांच्या ओळींची चौकट: असुरक्षित खासगी किल्ली, परवानग्या ०६४४, फारच उघड्या. एसएसएचचा हट्ट असा की खासगी किल्ली मालकाशिवाय कुणालाच वाचता येता कामा नये, नाहीतर ती वापरणारच नाही. चीमॉड ६०० केलं, म्हणजे फक्त मालकालाच वाचता-लिहिता यावं. आज्ञा मुकाट्यानं परत आली, एरर नाही. पुन्हा पाहिलं तर ०६४४च. पेनड्राइव्हवरच्या फॅट फाइलसिस्टिमला युनिक्सच्या परवानग्या ठाऊकच नाहीत. जोडताना जो मुखवटा चढवला असेल तोच सगळ्या फायलींना. चीमॉडनं निदान कुरकुर तरी करावी ना! एका पोरानं सात वेळा चालवलं.

किल्ली होम डिरेक्टरीत उतरवून परवानगी दुरुस्त केली की चालतं, पण मग ती तिथं राहते. लॅब १ गोठवलेली नाही. तास संपताना पुसायची आठवण बावीसपैकी किती जणांना राहील?

उपाय दुपारी चहाच्या वेळी सापडला. एसएसएच-ॲडला फाइलचं नाव न देता नुसती आडवी रेघ दिली की ते किल्ली स्टँडर्ड इनपुटवरून वाचतं, आणि तिथं परवानग्या तपासत नाही, कारण तपासायला फाइलच नाही. म्हणून पेनड्राइव्हवरची फाइल '<' नं आत ढकलायची, पासफ्रेज टाकायची, किल्ली एजंटच्या, म्हणजे ती तात्पुरती सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमच्या, मेमरीत. डिस्कवर काहीच उतरत नाही. सोबत '-टी २एच' दिलं की दोन तासांनी एजंट तिला आपोआप विसरतो. प्रॅक्टिकलही दोन तासांचंच. हे इतकं नेमकं बसलं की मी स्टाफरूममध्ये एकटीच हसले.

लॅब २ मध्येही गिट बॅशमधून हीच ओळ. तिथं एजंट आधी हातानं सुरू करावा लागतो आणि तोही 'इव्हॅल'सकट, नाहीतर एजंटशी संपर्क होत नाही अशी तक्रार. विंडोजची स्वतःची एसएसएच-एजंट सेवाही आहे, पण ती दिलेल्या किल्ल्या रजिस्ट्रीत कायमच्या ठेवते. समाईक लॉगिनवर ती नकोच. बंद आहे, बंदच राहू दे.

१६ जुलै, मंगळवार

लॅब असिस्टंटशी बोलणं झालं. शनिवारी ते मशीन 'वितळवून' अपडेट करतात, तेव्हा दोन गोष्टी बसवून मागितल्या: पोर्ट ४४३ चं कॉन्फिग आणि गिटहबचे ठसे, दोन्ही होम डिरेक्टरीत नाही तर मशीनच्या सामाईक एसएसएच फोल्डरात. नाहीतर रोज सकाळी सगळी मशीन ठसा विसरणार, रोज बावीस मुलं 'यस' टाइप करणार, आणि महिन्याभरात तो प्रश्न म्हणजे रस्त्यातला स्पीडब्रेकर होणार. तोवर त्या प्रश्नाला 'यस' न म्हणता मदत पानावरचा ठसाच चिकटवायला लावलंय. अलीकडच्या ओपनएसएसएचमध्ये (आम्ही वापरतो तो एसएसएचचा प्रोग्रॅम) तशी सोय आहे. जुळला तरच पुढं जातं, डोळ्यांवर भिस्त नाही.

संध्याकाळी लॅब बंद करताना मामा नेहमीप्रमाणे जुडगा घेऊन आले आणि किल्ली रजिस्टर पुढं केलं. लॅब क्रमांक, कोण नेली, किती वाजता, सही, परत किती वाजता, सही. चार वर्षं मी त्यात सह्या करतेय. आज पहिल्यांदा नीट बघितलं. हेच तर पाहिजे.

कोरी वही घेतली, रकाने आखले: रोल नंबर, गिटहबचं नाव, ठशाची पहिली आठ अक्षरं, किल्ली कुठं ठेवली आहे, दिनांक, रद्द केल्याचा दिनांक. आणि किल्लीच्या टीपेत रोल नंबर आणि जागा लिहायचं सक्तीचं, उदाहरणार्थ '१७-पेनड्राइव्ह'. काहीच दिलं नाही तर एसएसएच-कीजेन तिथं 'स्टुडंट ॲट अमुक मशीन' लिहितं, आणि सगळ्यांच्या किल्ल्यांना एकच आडनाव.

वही खरी आहे का ते मला न विचारता तपासता येतं. गिटहबवर कुणाच्याही नावापुढं 'डॉट कीज' लावलं की त्या खात्याच्या सगळ्या पब्लिक किल्ल्या दिसतात, लॉगिनही लागत नाही. टीप तेवढी काढून टाकलेली असते. मुलांना दाखवलं तेव्हा एक जण दचकला, "सगळ्यांना दिसतंय?" म्हणून तर पब्लिक.

उद्या आषाढीची सुट्टी.

१८ जुलै, गुरुवार

सकाळी ७:५० ला वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर: "मॅडम माझी किल्ली चालत नाही बघा ना", खाली चिकटवलेला मजकूर. पहिली ओळ, पाच आडव्या रेघा, 'बिगिन ओपनएसएसएच प्रायव्हेट की'.

ग्रुपवर बाकीची एकवीस मुलं आणि मी. दुधाचं पातेलं गॅसवर तसंच सोडून फोन केला. तोवर दोघांनी 'थँक्स भावा' लिहिलं होतं. आधी गिटहबवरून ती किल्ली काढायला लावली, फोनवरच, ब्राउझरमधून. मग ग्रुपवरून मेसेज पुसायला. हा क्रम महत्त्वाचा. पोरगा पुसायचीच घाई करत होता, पण पुसलेला मेसेज कुणी वाचला आणि कुणाच्या बॅकअपमध्ये गेला हे कुणाला कळणार? कुलूपच बदललं की मग किल्ली कुणाकडं का असेना. पासफ्रेज होती, म्हणून वेळ होता. आणि किल्ली काढल्यानं त्याचे जुने कमिट (गिटमध्ये नोंदवलेले बदल) कुठं जात नाहीत, हे दोनदा सांगावं लागलं. तो रडकुंडीला आला होता.

दूध उतू गेलं.

त्याची मूळ तक्रार काय होती? मित्राची किल्ली चालवून बघत होता. मित्राची पब्लिक ओळ स्वतःच्या खात्यात घालायला गेला तर 'ही किल्ली आधीच वापरात आहे'. गिटहब एक किल्ली एकाच खात्याला देतं, कारण दारात माणूस ओळखायची खूण म्हणजे तीच. नाव विचारतच नाहीत, एसएसएचवर सगळ्यांचं वापरनाव 'गिट'. मित्राची चालली असती, तर तो मित्र म्हणूनच आत गेला असता.

रजिस्टरमध्ये पहिली लाल रेघ.

२२ जुलै, सोमवार

बावीसच्या बावीस किल्ल्या नोंदल्या. शनिवारी मशीनही वितळवून झाली, सकाळी लॅब २ मध्ये ठशाचा प्रश्न आला नाही.

पण गट ४ ची रिपो उघडली तर गेल्या आठवड्याचे एकतीस कमिट एकाच मुलाच्या नावावर. बाकीचे तिघं म्हणतात आम्हीही केलंय, आणि केलंयच, मी बघत होते. लॅब १ मध्ये त्या मुलानं पहिल्या दिवशी 'गिट कॉन्फिग ग्लोबल' करून स्वतःचं नाव घातलं. मशीन त्याचं झालं. नंतर जो बसेल त्याचं कमिट त्याच्याच नावावर.

मुलांचा पक्का समज होता की किल्ली माझी म्हणजे कमिटही माझं. किल्ली फक्त दारात विचारली जाते, कोण आलं, आत सोडू का. कमिटवरचं नाव तुम्ही स्वतः कागदावर लिहिता तसं, वाट्टेल ते लिहा, कुणी तपासत नाही. वात्रट पोरानं लगेच माझ्या नावानं कमिट करून दाखवलं, गिटहबनं माझा फोटोही लावला. हशा. एसएसएच किल्लीनंच कमिटवर सही करता येते, पण ते या वर्षी नको, आधी हे पचू दे.

ग्लोबल नाव सगळ्या मशीनवरून काढलं. पेनड्राइव्हवर प्रत्येकानं आपली स्वतंत्र क्लोन (रिपोची प्रत) ठेवायची, नाव त्या रिपोपुरतंच घालायचं. तिथंही गिट अडलं, 'संशयास्पद मालकी', कारण फॅटला फाइल कुणाची हेही ठाऊक नसतं. सेफ-डिरेक्टरीची एक ओळ घालून सोडवलं.

२६ जुलै, शुक्रवार

पंचगंगा राजाराम बंधाऱ्यापाशी ४३ फुटांच्या धोका पातळीच्या वर. करवीर, शिरोळकडची मुलं दोन दिवस आलेली नाहीत. प्रोजेक्टचं काही विचारलं नाही, घरी सगळं ठीक का, एवढंच.

तरी संध्याकाळी गट २ च्या रिपोमध्ये एक पुश. पेनड्राइव्ह तर लॅबच्या कपाटात राहिलेला, मग कसं? विचारलं तर म्हणे फोनवर टर्मक्स (फोनवरचं टर्मिनल) टाकलं, त्यात गिट आणि ओपनएसएसएच घेतलं, आणि फोनवरच नवी किल्ली केली. टीपेत लिहिलंय '०६-फोन-पूर'. वरच्या मजल्यावर बसून, खालच्या सोप्यातली पोती वर चढवून झाल्यावर. जुनी किल्ली मागवून घ्यायचं त्याच्या डोक्यातही आलं नाही: जागा नवी, किल्ली नवी.

रजिस्टरमध्ये त्याच्या नावाखाली दुसरी ओळ.

१ ऑगस्ट, गुरुवार

डेमोसाठीचा छोटा सर्व्हर, उबुंटू २२.०४. आधी त्याचं स्वतःचं दार. १ जुलैला क्वालिस या सुरक्षा कंपनीनं ओपनएसएसएचच्या सर्व्हरमधला मोठा दोष जाहीर केला, नाव 'रिग्रेशन', पण मधली तीन अक्षरं मुद्दाम मोठी करून त्यात एसएसएच दाखवलेलं. २००६ साली बुजवलेलं भोक ८.५ आवृत्तीत नकळत पुन्हा उघडलं आणि ९.७ पर्यंत तसंच राहिलं, ९.८ मध्ये बंद झालं. २२.०४ वर ८.९ आहे, म्हणजे सापडलोच. अपडेट केलं, तरी आवृत्ती ८.९च दिसते, आणि इथं माणूस गडबडतो. उबुंटू आवृत्ती न बदलता दुरुस्ती मागं आणून लावतं, पॅकेजच्या शेपटाचा आकडा बघायचा.

सर्व्हरला कोड ओढण्यापुरतं गिटहब लागतं. एका मुलानं सरळ आपली किल्ली तिथं ठेवायची तयारी दाखवली. नको. सर्व्हरसाठी डिप्लॉय की केली, एका रिपोपुरती, फक्त वाचायची. रजिस्टरमध्ये रोल नंबरच्या रकान्यात काय लिहायचं? 'सर्व्हर' लिहिलं.

९ ऑगस्ट, शुक्रवार

इंटर्नशिपला जाणाऱ्या एकाचं दुसरं खातं, दुसरी किल्ली. एजंटमध्ये दोन्ही, गिटहबला पहिली मिळते आणि तो पहिल्याच नावानं आत. कॉन्फिगमध्ये दुसऱ्या खात्यासाठी वेगळं टोपणनाव, त्याची किल्ली, आणि 'आयडेंटिटीज ओन्ली यस'. वीस मिनिटं. पाच मिनिटं चाळीस सेकंद त्यातली टोपणनाव काय ठेवायचं यावर.

१४ ऑगस्ट, बुधवार

उद्याच्या झेंडावंदनासाठी साफसफाई. मामांना लॅब १ मध्ये बाकाखाली पेनड्राइव्ह सापडला, निळा, टोपण नसलेला. अनोळखी पेनड्राइव्ह स्वतःच्या मशीनला लावायची हिंमत नाही. लॅब २ च्या गोठवलेल्या मशीनला लावला, त्या सॉफ्टवेअरचा असाही उपयोग. आत 'किल्ली' नावाचं फोल्डर, 'डॉट पब'च्या शेवटी '११-पेनड्राइव्ह'.

रजिस्टरमध्ये ११ ची ओळ उघडीच. 'डॉट कीज'वर पाहिलं, ठसा तोच, किल्ली अजून चालू. म्हणजे हरवलाय हे तिनं सांगितलंच नाही. बोलावलं. आठवडा झाला म्हणाली, रागवाल म्हणून गप्प बसले, मैत्रिणीच्या लॅपटॉपवर नवी किल्ली करून काम चालवलं. नवी केली हे शहाणपणाचं, जुनी काढली नाही. माझ्यासमोर बसवून काढायला लावली. गिटहबच्या यादीत दोन किल्ल्या होत्या, तिनं आधी चुकीच्या ओळीवर बोट नेलं, मग ठसे वहीशी ताडून बघितले आणि बरोबर ती काढली.

मी लाल रेघ ओढली, दिनांक घातला. मामा शेजारी उभे राहून बघत होते. म्हणाले, "परत किती वाजता, ते लिवलं न्हाई तुमी." त्यांच्या रजिस्टरला तो रकाना आहे, माझ्या वहीत नाही. त्यांनी स्वतःच समासात लिहिलं, ४:२०, आणि सही केली.